ससाणा ताशी 389, माको शार्क ताशी 74, मग ससाणा पाचपट भारी का?

प्रश्न असा आहे: "बहिरी ससाण्याचा स्पीड ताशी 389 किमी आणि सगळ्यात वेगवान शार्क म्हणजे माको, त्याचा ताशी 74 किमी. मग ससाणा पाचपट भारी शिकारी झाला ना? की अशी तुलनाच चुकीची आहे?"

तुलना अजिबात चुकीची नाही, मला तर ही जोडी फार आवडते, मागे दोन-तीन रात्री मी हाच हिशोब करत जागलोय. चुकलंय ते एवढंच की तुम्ही दोन आकडे शेजारी मांडले आणि सरळ भागाकार केला. हे म्हणजे उतारावरून सुटलेली सायकल आणि चिखलातून गाडा ओढणारा बैल यांची शर्यत लावल्यासारखं झालं. (यात ससाण्यावर थोडा अन्याय होतोय हे मला कळतंय, पुढे भरून काढतो.)

आधी ते दोन आकडे काय आहेत ते बघू, कारण दोन्ही एकाच जातीचे नाहीत. 389 हा खरंच मोजलेला आहे. अमेरिकेत केन फ्रँकलिन नावाचा ससाणे पाळणारा माणूस आहे, त्याची फ्राइटफुल नावाची मादी होती, तिला विमानातून उडी मारणाऱ्या माणसाच्या मागे झेप घ्यायची सवय लावली होती आणि तिच्या शेपटीच्या पिसाला मोजायचं छोटंसं यंत्र बांधलं होतं. म्हणजे ट्रेनिंग दिलेला पक्षी, ठरवून दिलेली भरपूर उंची, आणि समोर एकदम खाली पडत जाणारं आमिष. रानात कबुतराच्या मागे लागलेला ससाणा रोज 389 ने येत नाही, रडारवर मोजलेल्या झेपांमध्ये ताशी 180-185 च्या आसपासचे आकडे मिळालेत. आणि सरळ आडवं उडताना? शंभरच्या आगेमागे. तेवढ्यावर तर तगडं कबूतरसुद्धा त्याला दमवून सोडतं, म्हणून तर तो बिचारा आधी उंच जाऊन बसतो.

माकोचा 74 मात्र अंदाज आहे. सगळीकडे तोच फिरतो, टीव्हीवर, पोस्टरवर, लहान मुलांच्या पुस्तकात, पण त्याच्यामागे फ्राइटफुलसारखं शेपटीला यंत्र लावून केलेलं मोजमाप नाहीये. त्यामुळे मी हिशोबात मुद्दाम त्याच्या अर्धाच आकडा धरणार आहे, ताशी 36 किमी, म्हणजे सेकंदाला बरोब्बर 10 मीटर. माकोला अशी हातभर सूट द्यायला लावली तरी काय होतं बघा.

हवा एका घनमीटरला साधारण 1.2 किलो भरते, समुद्राचं पाणी 1025 किलो. म्हणजे पाणी साडेआठशे पट जड. अंगावर येणारा दाब या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. फ्राइटफुलचे 389 म्हणजे सेकंदाला 108 मीटर, माकोच्या जवळपास अकरापट, त्याचा वर्ग केला की 117 पट. म्हणजे वेगामुळे ससाणा 117 ने पुढे, आणि पाण्याच्या घनतेमुळे माको 854 ने पुढे. 854 भागिले 117, सातच्या वर काहीतरी. म्हणजे निम्मा स्पीड धरलेल्या, निवांत म्हणावं अशा माकोच्या नाकाडावर जो दाब येतो तो जगातल्या सगळ्यात वेगवान झेपेतल्या ससाण्याच्या डोक्यावर येणाऱ्या दाबाच्या सातपट असतो. हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा मला वाटलं शून्य चुकलंय कुठेतरी, परत केलं, नव्हतं चुकलं.

आणि दुसरं असं की ससाण्याचा तो स्पीड उसना आहे. उंची हीच त्याची बचत. पंख मारत, किंवा गरम हवेच्या झोतावर फुकटात, तो वर जातो, तिथे ती उंची साठवतो आणि मग पंख मिटून एका झटक्यात खर्च करतो. सेकंदाला 108 मीटर गाठायला हवा अडवत नसती तरी जवळपास 600 मीटर पडावं लागेल, हवा अडवते म्हणून त्याहून बरंच जास्त. माकोला पडायला कुठे जागाच नाही. पाणी त्याला जवळजवळ तोलूनच धरतं, वरून खाली जाताना गुरुत्वाकर्षण फारसं हातभार लावत नाही, आणि तो तर बहुतेकदा खालून वर येतो. त्याला जो स्पीड हवा तो त्याच क्षणी स्वतःच्या शेपटीने विकत घ्यायचा, रोख, उधारी बंद.

म्हणून माझं मत विचाराल तर इंजिन माकोचं भारी, ड्रायव्हर ससाणा भारी.

इंजिनाचं आधी सांगतो. मासा म्हणजे थंड रक्ताचा असं आपण शाळेत शिकलो, आणि त्याला कारणही आहे, माशाचं सगळं रक्त कल्ल्यातून फिरतं आणि तिथे ते पाण्याच्या इतकं जवळ येतं की ऑक्सिजन घेता घेता रक्ताची सगळी ऊब पाण्यात निघून जाते. पाणी ऊब खेचून घेण्यात हवेपेक्षा पंचवीसेक पट हुशार आहे. म्हणजे माशाने गरम राहायचं म्हणजे पावसात चूल पेटती ठेवायची. माको ती ठेवतो. त्याच्या अंगात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी आहेत, ज्यात स्नायूंकडून परत येणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून जाणारं थंड रक्त एकमेकांना खेटून उलट दिशेने वाहतं, जाता जाता गरम रक्त आपली ऊब थंड रक्ताच्या पदरात टाकतं, त्यामुळे ती कल्ल्यापर्यंत पोचतच नाही, आतल्या आत फिरत राहते. 1969 मध्ये कॅरी आणि टील या दोन संशोधकांनी माकोचे आणि त्याच्या एका भावकीतल्या शार्कचे स्नायू मोजले तर ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा 7 ते 10 अंशांनी गरम निघाले. गरम स्नायू जास्त भराभर आकुंचन पावतो, जास्त ताकद देतो. शिवाय बाकीच्या बहुतेक माशांत लाल स्नायू कातडीखाली असतात, माकोत ते आत, कण्याच्या जवळ सरकलेत, म्हणजे भट्टी मधोमध आणि भिंती बाहेर. डोळे आणि मेंदूलासुद्धा वेगळं जाळं आहे गरम ठेवायला. ट्यूना माशानेही स्वतंत्रपणे जवळपास हाच जुगाड केलाय, आणि माको खातो कुणाला? ट्यूनाला. चोराच्या मागे त्याच मेकची गाडी घेतलेला पोलीस.

याची किंमत म्हणजे त्याला थांबता येत नाही. कल्ल्यांवरून पाणी खेळतं ठेवायला तोंड किंचित उघडं ठेवून आयुष्यभर पोहत राहायचं, थांबला की गुदमरला. ससाणा दिवसातला कितीतरी वेळ कड्यावर किंवा एखाद्या उंच इमारतीवर नुसता बसून असतो, पिसं साफ करतो, डुलकी काढतो, हे सुख माकोच्या नशिबी नाही.

कातडीचं राहिलंच. शार्कच्या वाळलेल्या कातड्याचा एक तुकडा मी हातात घेतला होता एकदा, डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलटं फिरवलं तर सरळ पॉलिश पेपर. पूर्वी लाकूड घासायला वापरायचेच ते. त्या कातडीवरचे खवले म्हणजे बारीक बारीक दातच असतात, आतून दातासारखीच बनावट. माकोच्या अंगावर ते मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे असतात आणि कल्ल्यांच्या मागच्या बाजूला, कुशीवर, ते सैल बसलेले असतात. वेगात पोहताना पाणी अंगापासून सुटून उलटं फिरायला लागलं की (हाच तो मागे खेचणारा भोवरा) ते उलटं पाणीच त्या खवल्यांना 50 अंशांपर्यंत उभं करतं आणि उभे राहिलेले खवले त्याच पाण्याची वाट अडवतात. स्नायू लागत नाही, मेंदूची ऑर्डर लागत नाही, आपोआप. अलाबामा विद्यापीठात एमी लँग यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, विमानाच्या पंखांना असं काही करता येईल का या आशेने.

आता ड्रायव्हर. एकदा सकाळी मी दुर्बीण घेऊन बसलो होतो, खरं तर दुसरंच काहीतरी बघत होतो, तेवढ्यात कबुतरांचा थवा एकदम फुटला आणि धप्प असा आवाज आला, उशी आपटल्यासारखा. वर बघितलं तर हवेत पिसांचा एक छोटा ढग, जागच्या जागी तरंगतोय, आणि त्याच्या खाली ससाणा वळून येऊन पडणाऱ्या कबुतराला हवेतच उचलतोय. मारताना मला तो दिसलाच नाही. नंतर तो एका कठड्यावर बसला आणि तिथे त्याने मानेला चोच लावून एक बारीक झटका दिला, बस. त्याच्या वरच्या चोचीला दोन्ही बाजूंना एक दातासारखा कंगोरा असतो तो याच कामाचा, मानेचा मणका निखळवायला. (हा कंगोरा बहुतेक गरुड-घारींना नसतो, आणि गंमत म्हणजे जनुकं तपासल्यावर ससाणे त्यांचे सख्खे निघालेच नाहीत, ते पोपटांच्या जास्त जवळचे निघाले. मी हे ऐकलं तेव्हापासून पोपटाच्या चोचीकडे जरा आदराने बघतो.)

त्या स्पीडने येताना नेम कसा लागतो हा खरा प्रश्न आहे आणि मला वाटतं ससाण्याची सगळी कमाल इथे आहे. त्याच्या प्रत्येक डोळ्यात सगळ्यात तीक्ष्ण दिसायच्या दोन जागा असतात, आपल्याला एकच. त्यातली जी जास्त तीक्ष्ण आहे ती समोर बघतच नाही, साधारण 45 अंश बाजूला बघते. म्हणजे लांबचं भक्ष्य नीट बघायचं तर मान वाकडी करावी लागणार, आणि मान वाकडी केली की हवा अडवणार, स्पीड गेला. मग करतो काय, तो मान सरळच ठेवतो आणि रस्ता वाकडा करतो! सरळ रेषेत न येता मोठ्या वळणावळणाने, गोगलगाईच्या शंखासारख्या रेषेत येतो, म्हणजे भक्ष्य सतत त्या बाजूच्या डोळ्यात राहतं. अंतर वाढतं पण वेळ वाचतो. ड्यूक विद्यापीठाच्या व्हान्स टकर यांनी 2000 साली हे दाखवलं.

जवळ आल्यावरचा नियम वेगळा. 2017 मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी ससाण्यांच्या अंगावर छोटे कॅमेरे आणि जीपीएस लावले आणि त्यांना कळलं की तो जे करतो ते पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्रात वापरतात तेच गणित आहे. भक्ष्य नजरेत डावीकडे सरकायला लागलं की ते ज्या गतीने सरकतंय त्या प्रमाणात आपण वळायचं, एवढंच. भक्ष्य किती लांब आहे, त्याचा स्पीड किती, काही माहीत असायची गरज नाही. आणि इथे तो उसना स्पीड परत कामाला येतो, कारण पंखाला मिळणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मिटलेला पंख इंचभर उघडला तरी जबरदस्त वळण घेता येतं. आपल्याला वाटतं फास्ट म्हणजे वळायला अवघड, त्याचं उलटं आहे. डोळ्याचं तर विचारूच नका, सेकंदाला 129 वेळा लुकलुकणारा दिवासुद्धा त्याला लुकलुकताना दिसतो, आपल्याला पन्नास-साठच्या पुढे तो सलगच दिसतो. म्हणजे आपला सिनेमा त्याच्यासाठी फोटोंचा अल्बम.

माकोकडे या बाबतीत एवढी नजाकत नाही, पण अक्कल आहे. तलवार मासा हा असा प्राणी आहे की ज्याच्या समोरून जायचं नसतं, माकोच्या अंगात मोडून रुतलेले त्याच्या तलवारीचे तुकडे सापडलेत. म्हणून तो मागून येतो, खालच्या अंधारातून, आणि पहिला घास शेपटीच्या मुळाशी घेतो. इंजिन बंद पाडलं की मग तलवार कितीही लांब असू दे. त्याचा एक दात मी बघितलाय, ग्रेट व्हाइट शार्कच्या दातासारखी करवतीची धार नसते त्याला, लांब, बारीक, किंचित वाकलेला, गुळगुळीत कडांचा, अगदी आकड्यासारखा. ग्रेट व्हाइटचा दात कापायला असतो, हा धरून ठेवायला. निसटणारं, बुळबुळीत, वेगवान काहीतरी धरायचंय हे त्या दाताकडे बघूनच कळतं.

दोघांचे कपडे मात्र सारखे शिवलेत. ससाण्याची पाठ निळसर राखाडी, पोट फिकं. माकोची पाठ गडद निळी, पोट पांढरं. वरून बघणाऱ्याला खालच्या रंगात मिसळलेला, खालून बघणाऱ्याला उजेडात विरलेला. आणि दोघांच्यातही बाई मोठी, पुरुष लहान, ससाण्यात तर मादी नराच्या तिसऱ्या हिश्शाने वरचढ असू शकते.

अजून एक हिशोब, हा निव्वळ मजेसाठी. एक किलोची ससाणा मादी ताशी 360 किमीने आली आणि शंभर किलोचा माको ताशी 36 ने आला तर धडकेतली ऊर्जा किती? दोन्हीकडे बरोब्बर 5000 जूल. वेग दहापट, वजन शंभरावा हिस्सा, वर्ग केला की फिटंफाट. आकडे मी सोयीचे घेतलेत हे कबूल, पण दोन्ही आकडे त्यांच्या आवाक्यातले आहेत.

जाता जाता, बहिरी या नावाचा बहिरेपणाशी काही संबंध नाही. तो अरबी-फारसीतला बहरी, बहर म्हणजे समुद्र. म्हणजे तुमच्या प्रश्नातले दोघंही नावाने किंवा गावाने समुद्राचेच.

"समोरासमोर आले तर कोण जिंकेल" असं कुणीतरी खाली विचारणारच, तर ससाणा पाण्यात बुडी मारत नाही, माको हवेत काही मीटर उडी मारतो. बाकी तुम्ही ठरवा.

एका बाबतीत मात्र ससाणा सरळ जिंकलाय आणि त्याचा वेगाशी संबंध नाही. डीडीटी या कीटकनाशकामुळे ससाण्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ होऊन अंडी घरट्यातच फुटायला लागली होती, ब्रिटनमध्ये रॅटक्लिफ या संशोधकांनी 1967 मध्ये ते जुन्या अंड्यांशी ताडून दाखवलं, अमेरिकेच्या पूर्व भागातून तर तो संपलाच होता. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडली, आणि 1999 मध्ये त्याचं नाव तिथल्या धोक्यातल्या यादीतून निघालंसुद्धा. कारण त्याचा कारभार झटपट आहे, वर्षाला तीन-चार अंडी, महिनाभर उबवणं, सहा आठवड्यात पिल्लू हवेत, दोनेक वर्षांत ते स्वतः जोडी जमवणार. माकोची मादी वयात यायलाच अठरा-वीस वर्षं घेते, मग पंधरा ते अठरा महिने गरोदर, आणि परत तीनेक वर्षांनी. मधल्या काळात ट्यूना आणि तलवार माशासाठी सोडलेल्या मैलोन्‌मैल लांब गळांच्या दोऱ्या आहेतच, त्यात तोही अडकतो, मांस खपतं, पर विकले जातात. 2019 मध्ये सायटीस या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याच्या व्यापारावर निर्बंध आले. ज्या वर्षी ससाणा अमेरिकेतल्या यादीतून सुटला त्या वर्षी जन्मलेली माको मादी तेव्हा कुठे पहिल्यांदा वयात येत असेल, गळाला लागली नसेल तर.